बिबवेवाडीत बारा कधी वाजतात?

मुलांनो, पुण्यात पाहण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं, तर तुम्ही शनिवारवाडा सांगाल, पर्वती सांगाल, सिंहगड सांगाल. बिबवेवाडीचं नाव काही कुणी घेणार नाही. स्वारगेटहून अप्पर इंदिरानगरच्या बसमध्ये बसलात, की थोड्या वेळानं रस्ता चढायला लागतो आणि दोन्ही बाजूंना इमारतीच इमारती दिसतात. झालं, आली बिबवेवाडी! पण आज मी तुम्हाला इथल्या एका गच्चीवर नेणार आहे. तीन जिने चढायचे आहेत. दमू नका हं!

ही आमच्या शाळेची गच्ची. पश्चिमेला दिसते ती तळजाईची टेकडी. दक्षिणेला कात्रजचे डोंगर. आणि गच्चीच्या मधोमध हे काय? वाळूनं भरलेली एक बादली, तिच्यात सरळ उभी केलेली काठी आणि भोवती खडूनं काढलेलं मोठं वर्तुळ. काठीचं टोक जमिनीपासून बरोबर एक मीटर उंच आहे. अशा काठीला आपले जुने ज्योतिषी शंकू म्हणत. आमची वेधशाळा एवढीच, पण या वेधशाळेनं मला, म्हणजे चौथीच्या वर्गाच्या बाईंना, चांगलाच धडा शिकवला. तीच गोष्ट आज सांगते.

आधी एक प्रश्न. सूर्य आकाशात सर्वांत उंच कधी येतो? 'दुपारी बारा वाजता!' असंच म्हणालात ना? आमचा वर्गही असाच ओरडला होता. पण बिबवेवाडीत सूर्य बाराच्या ठोक्याला कधीच सर्वांत उंच नसतो. आपली घड्याळं चालतात ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरच्या वेळेनुसार. ती रेषा जाते उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून. बिबवेवाडी तिच्या बरीच पश्चिमेला, सुमारे ७३.८६ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणून तिकडे मध्यान्ह झाल्यावर आपल्याकडे तो व्हायला आणखी साडेचौतीस मिनिटं लागतात. त्यातच पृथ्वीची कक्षा लांबट आणि तिचा अक्ष कललेला. त्यामुळे वर्षभरात ही वेळ मागेपुढे होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपला मध्यान्ह साधारण १२.१८ ला होतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२.४९ ला!

गेल्या जानेवारीत मी वर्गाला म्हटलं, "चला, आपला मध्यान्ह आपणच शोधू." सावली सर्वांत आखूड केव्हा झाली हे डोळ्यांनी ठरवणं अवघड असतं. त्या वेळी तिची लांबी बराच वेळ बदलल्यासारखी वाटतच नाही. म्हणून एक जुनी युक्ती आहे. सकाळी सावली लांब असते, ती आखडत जाते आणि एका क्षणी तिचं टोक वर्तुळाला टेकतं. ती वेळ लिहायची. दुपारी सावली पुन्हा वाढते आणि टोक पुन्हा वर्तुळाला टेकतं. तीही वेळ लिहायची. दोन्ही वेळांच्या बरोबर मधे मध्यान्ह! आमच्या वर्तुळाची त्रिज्या होती १०४ सेंटिमीटर.

१२ जानेवारीला सकाळी ११.१० ला सावली टेकली आणि दुपारी २.१५ ला पुन्हा टेकली. मधली वेळ किती? करा बरं गणित. १२ वाजून ४२ मिनिटं ३० सेकंद. माझ्याकडे मात्र शाळेच्या संगणकातून छापून घेतलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं १२.४६.

वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा कागद चुकलाय."

मी हसले. "अगं, तो संगणकानं काढलाय. तुझी सावलीच नीट पाहिली नसशील."

ती गप्प बसली. पण पुढचे चार दिवस मधल्या सुट्टीच्या आधी आणि नंतर ती गच्चीवर जाऊन मोजत राहिली. पाचव्या दिवशी तिनं वही माझ्या टेबलावर ठेवली. तारीख, सकाळची वेळ, दुपारची वेळ, कागदातली वेळ, असे चार रकाने. आणि प्रत्येक दिवशी फरक चार मिनिटांच्या आसपास. सावलीचं टोक पुसट असतं, त्यामुळे एखाद्या मिनिटाची चूक कुणाचीही होईल. पण पाचही दिवस चार-चार मिनिटं, आणि तीही एकाच बाजूला?

आता मात्र मला हसू आलं नाही. शाळेसमोरच्या सोसायटीत एक दादा राहतो. संगणकाचा तो प्रोग्रॅम त्यानंच आम्हाला बसवून दिला होता. संध्याकाळी आम्ही वही घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं रकाने पाहिले आणि मला विचारलं, "बाई, गाव कुठलं निवडलं होतंत?"

गावांच्या यादीत पुणे मला चटकन सापडलं नव्हतं, म्हणून मी मुंबई निवडलं होतं. जवळच तर आहे, असं वाटलं! पण मुंबई आपल्यापासून जवळजवळ एक अंश पश्चिमेला आहे. एक अंश म्हणजे किती मिनिटं? चार! संगणकानं गणित बिनचूक केलं होतं, पण ते मुंबईचं. चूक माझीच होती. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली.

पण गोष्ट इथे संपत नाही. दादा वही उलटसुलट करून पाहत म्हणाला, "तक्रार कशी लिहावी हे हिला कुणी शिकवलं? आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी अशा असत्या तर किती बरं झालं असतं!"

मग त्यानं सांगितलं ते ऐका. खगोलाची गणितं करणारे तयार प्रोग्रॅम असतात. त्यांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. ही पुस्तकांची नाही बरं का, गणितांची लायब्ररी. ब्रँडन ऱ्होड्स यांनी लिहिलेली 'स्कायफील्ड' ही अशी एक लायब्ररी. दुसरी 'ॲस्ट्रोपाय'. तिचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि ती जगभरातली माणसं मिळून लिहितात. या लायब्रऱ्या ओपन सोर्स, म्हणजे मुक्त आहेत. पैसे नाहीत, कुलूप नाही. आतलं गणित कुणीही वाचावं, वापरावं, चूक दिसली तर कळवावं, जमलं तर स्वतः दुरुस्त करून पाठवावं. चूक कळवताना काय सांगायचं? कुठली तारीख, कुठलं गाव, प्रोग्रॅम काय म्हणाला आणि खरं काय दिसलं. आमच्या मुलीच्या चार रकान्यांत हेच तर होतं! मग सांभाळणारी माणसं तीच चूक स्वतः करून पाहतात, ती दुरुस्त करतात आणि सोबत एक चाचणी लिहून ठेवतात. पुढे कुणी काहीही बदललं, की अशा हजारो चाचण्या आपोआप होतात. जुनी चूक परत आली तर लगेच पकडली जाते.

"पण गणित एकदा बरोबर आलं, की संपलं ना? ते सारखं सांभाळायचं कशाला?" मी विचारलं.

"कारण आकाश थांबत नाही," दादा म्हणाला. पृथ्वी स्वतःभोवती अगदी एकसारखी फिरत नाही. तिच्याशी मेळ राहावा म्हणून १९७२ पासून २०१६ च्या अखेरपर्यंत जगाच्या घड्याळांत २७ जादा सेकंद घातले गेले. शेवटचा आपल्याकडे आला १ जानेवारी २०१७ च्या पहाटे. ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर लगेच साडेपाच झाले नाहीत, मधे आणखी एक सेकंद होता! २०१० सालचा प्रोग्रॅम कुणी तसाच वापरत राहिलं, तर त्याला नंतरचे तीन जादा सेकंद ठाऊकच नसणार. तीन सेकंदांनी काय बिघडतं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक एका सेकंदात सात किलोमीटरहून जास्त जातं. आता २०२२ मध्ये असं ठरलंय, की २०३५ पर्यंत ही जादा सेकंदाची पद्धत बदलायची. म्हणजे सगळ्या लायब्रऱ्यांना पुन्हा काम!

ग्रहांचंही तसंच. ज्युनो यान २०१६ पासून गुरूभोवती फिरतंय. त्याच्या मोजमापांमुळे गुरूची कक्षा अधिक नेमकी कळली. अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीनं ग्रहांची नवी कोष्टकं काढली, आणि लायब्रऱ्यांना ती जोडून घ्यावी लागली.

मुलांनो, हे ऐकताना मला आपल्याच मुलखातली पाचशे वर्षांपूर्वीची एक जोडी आठवली. कोकणात मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात केशव दैवज्ञ नावाचे ज्योतिषी राहत. ग्रंथातलं गणित सांगतं तिथे ग्रह दिसत नाहीत, हे त्यांनी आकाश पाहून ताडलं. पुढच्या गणितज्ञांनीही वेध घेऊन फरक दुरुस्त करत राहावं, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्यांचा मुलगा गणेश. त्यानं १५२० मध्ये 'ग्रहलाघव' हा ग्रंथ लिहिला. त्याचा जन्म १५०७ च्या सुमाराचा मानतात. म्हणजे तेव्हा तो असेल जेमतेम तेरा वर्षांचा, तुमच्या ताई-दादाएवढा! मोठमोठ्या संख्या टाळण्यासाठी त्यानं ४०१६ दिवसांचं एक चक्र धरलं आणि त्रिकोणमितीची किचकट आकडेमोड न करताही ग्रह काढता येतील अशी सोय केली. ग्रहलाघवावरून महाराष्ट्रात शेकडो वर्षं पंचांगं होत राहिली.

पण तेही गणित जुनं झालंच. मग १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' हे पुस्तक मराठीत लिहिलं. युरोपातल्या नव्या गणिताच्या आधारानं त्यांनी ग्रह काढायची सोय करून दिली. हे छत्रे म्हणजे डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे प्राध्यापक. केशव, गणेश, छत्रे आणि आता जगभरचे हे दादा-ताई. आधीच्यानं केलेलं गणित घ्यायचं, ते आकाशाशी ताडून पाहायचं, चुकलं तिथे दुरुस्त करायचं आणि पुढच्यासाठी उघडं ठेवायचं, हेच सगळ्यांनी केलं.

दादानं आमच्या शाळेच्या प्रोग्रॅममध्येही दोन बदल केले. आता कागदाच्या माथ्यावर गावाचं नाव आणि रेखांश ठळक छापला जातो. म्हणजे माझ्यासारख्या बाईंना चूक लगेच दिसावी! आणि त्यानं एक चाचणी घातली: १२ जानेवारी, बिबवेवाडी, मध्यान्ह १२ वाजून ४२ मिनिटं ३० सेकंद, फार तर एक मिनिट इकडेतिकडे. ते आकडे त्या मुलीच्या वहीतले. शाळेचा प्रोग्रॅम कुणी बदलला, की आधी या आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

आता तुमची पाळी. एक मीटरचा शंकू, बादलीभर वाळू, खडू आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. आई-बाबांनो, उन्हात टोपी आणि पाण्याची बाटली आठवणीनं द्या, आणि सूर्याकडे थेट बघू देऊ नका. वर्तुळ केवढं घ्यायचं? सकाळी अकराच्या सुमाराला सावली जेवढी असेल तेवढं. पुण्यात राहत असाल, तर मेमध्ये १३ तारखेच्या आसपास गच्चीवर जरूर जा. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि शंकूची सावली नाहीशी होते!

वहीत चार रकाने आखा. कागदातली वेळ आणि तुमची वेळ जुळली नाही, तर घाबरू नका. आणखी चार दिवस मोजा. मग वही तुमच्या बाईंच्या किंवा सरांच्या टेबलावर नेऊन ठेवा.