प्रकाशे ते डुमस

नंदुरबारच्या मनुष्याने समुद्रावरील मासेमारीच्या गोष्टी सांगाव्या, हे ऐकून वाचकांस हसू येईल. आमच्या जिल्ह्यास समुद्र नाही. उत्तरेस नर्मदा आणि मधून तापी, अशा दोन नद्या पश्चिमेकडे धावतात, एवढाच काय तो आमचा व समुद्राचा संबंध. त्यातून आमचे घराणे पडले देशस्थ, चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य करणारे. तथापि १९७०च्या दिवाळीपासून १९७१च्या आषाढापर्यंतचे दिवस आठवले, की अद्यापि आमच्या नाकात खाऱ्या चिखलाचा वास भरतो.

त्या साली आमचे काका रेल्वेच्या नोकरीनिमित्त सुरतेस होते, आणि आम्ही, वय वर्षे अकरा, शिक्षणासाठी त्यांच्या बिऱ्हाडी राहिलो होतो. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. ते मागे पडले की आमची गंमत सुरू होई, कारण तेथून पुढे आजीचे राज्य संपून काकांचे सुरू होते अशी आमची समजूत होती.

काकांस गळाचा नाद कार्यालयातील एका रत्नागिरीकर स्नेह्याने लावला. गळाने मासे पकडण्यास कोकणात ‘गरवणे’ असा नेमका शब्द आहे. काकाही तोच वापरीत. दर रविवारी बांबूची काठी, पितळी चक्री आणि नायलॉनची दोरी घेऊन ते डुमसला किंवा अलीकडे मगदल्ल्याच्या खाडीवर जात, आणि जिवंत कोळंबीचा डबा सांभाळण्याचे काम आमच्याकडे असे. मासा त्यांनी कधी चाखला नाही. जो लागेल तो तेथल्या माछी लोकांस देऊन ते घरी येत, विहिरीवर स्नान करीत आणि मग काकूच्या हातचे वरण-भात जेवीत.

या छंदास सर्वांत उपयोगी पडले ते पंचांग. अमावास्या-पौर्णिमेस उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे समुद्रकाठच्या पोरासही ठाऊक असते. पण कोकणात आणखी एक हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. हा हिशेब मुंबई-कोकणचा. खंभातच्या आखातात भरती उशिरा पोचते, म्हणून काका त्यात आपल्या अनुभवाने काही तास मिळवीत. उधाणाच्या दिवशी तेथे पाणी दोन पुरुषांहून अधिक चढते, आणि डुमसच्या काळ्या वाळूवरून उतरू लागले की नजर पोचत नाही इतके दूर जाते. वेळ चुकली की रविवार फुकट. इकडे नंदुरबारास आजी मात्र कौतुकाने सांगत असे, की मुलगा परमुलखात गेला, पण पंचांग पाहिल्यावाचून पाऊल उचलीत नाही!

ते साल खरोखरच भाग्याचे होते. हिवाळाभर रावस मिळाले. शिंगाळ्यांची तर गणतीच नाही. नर्मदेच्या मुखाशी भडोचकडे पावसाळ्यात जी भिंग चढते तिची कीर्ती मोठी, पण ती गळास तोंड लावीत नाही. म्हणून काकांच्या लेखी तिची किंमत शून्य. त्यांचे लक्ष जिताड्यावर. वटपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी तो लागला. प्रथम दोरी नुसती जड झाली; मग पाण्याबाहेर रुपेरी अंग एकदा उसळले आणि चक्री किंचाळू लागली. पाऊण तास काका गुडघाभर चिखलात उभे होते. शेवटी माछ्याच्या काट्यावर मासा अकरा किलो भरला. जिताडा जन्मतः नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, हे आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचले. त्या वजनाचा जिताडा म्हणजे बहुधा मादीच, आणि दिवस विणीचे.

त्याच आठवड्यात आजी सुरतेस आली. हा पराक्रम पोटात ठेवणे आम्हांस जमले नाही. हात पसरून माशाची लांबी दाखवीत आम्ही सारे सांगून टाकले.

आजी रागावली नाही. संध्याकाळी काका कामावरून आले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “अरे, तुझ्या वडिलांचे पिंड आपण प्रकाशास तापीत सोडतो. ते मासेच खातात ना? आणि तू याच नदीच्या तोंडाशी बसून त्यांना ओढून काढतोस?”

काकांस उत्तर होते. प्रकाशे आणि सुरत यांच्यामध्ये काक्रापारचा बंधारा १९५४पासून उभा होता. खालचा मासा वर जाण्याची सोय नव्हती. तापीचा एकूण एक बंधारा त्यांस ठाऊक होता. ते म्हणाले, “होय, आई.” पुढल्या रविवारी ते घरीच राहिले. काठी माळ्यावर गेली ती पुन्हा खाली आली नाही, आणि आषाढात आमची रवानगी नंदुरबारास झाली. आमच्या तोंडाळपणाबद्दल काकांनी आम्हांस एका शब्दाने कधी दुखविले नाही. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे पुष्कळदा वाटते.

१९७२मध्ये उकाईचे धरण पुरे झाले. नंतर प्रकाशासही बॅरेज आले. तापी-गोमाईच्या संगमावरच्या या गावास दक्षिण काशी म्हणतात. काकांस मूलबाळ नव्हते, म्हणून पितृपक्षात त्यांचे श्राद्ध आम्ही तेथे करतो. दुपारी भाताचा पिंड पाण्यात सोडला, की क्षणभर काही होत नाही. मग खालून पाणी खळबळते आणि पिंड फुटतो. तिथी दशमी. म्हणजे मुंबईस साडेसात; डुमसला एव्हाना ओहोटी लागली असेल.