बोर्ड दिसत नाही का?

एका मोठ्या सरकारी रुग्णालयात आम्ही दर सोमवारी वस्तीतल्या रुग्णांना घेऊन जातो. मागच्या पावसाळ्यात सोबत एक मावशी होत्या. गर्दीत चुकामूक झाली. दीड तासाने त्या सापडल्या त्या एक्स-रेच्या रांगेत. करायची होती रक्त तपासणी.

"मावशी, कुणाला विचारलं का नाही?"

"विचारलं ना बाबा. तो खेकसला, बोर्ड दिसत नाही का म्हणून."

बोर्ड होता. 'पॅथॉलॉजी', तोही इंग्रजी अक्षरांत. आणि आम्हीही जाब विचारला तो मावशींनाच, रुग्णालयाला नाही. याची आम्हाला आजही लाज वाटते.

मित्रांनो, सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करण्याचा बोले ठराव १९२३ चा. तो कागदावरच राहिला म्हणून बाबासाहेबांना १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांवरचा हक्क आला. आज रुग्णालयाच्या दारात आपल्याला कुणी अडवत नाही. पण आत गेल्यावर वाट विचारावी लागते आणि विचारले की अपमान होतो.

काही जण म्हणतील, हा निरक्षरतेचा प्रश्न आहे, यात जात कशाला आणता? आमचा प्रतिप्रश्न आहे : पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर कुणाला ठेवले? कडक इस्त्रीतला माणूस तोच प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला दारापर्यंत कोण नेऊन सोडते?

६ डिसेंबरला दादर स्थानकाबाहेर पडा. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा चैत्यभूमीला पोचते, कारण वाटेत समता सैनिक दलाचे सैनिक आणि स्वयंसेवक उभे असतात. हात जोडून "जय भीम आजी, इकडून" म्हणतात. लाखोंच्या गर्दीत समाजाला जे जमते, ते शासनाला का जमू नये?

आम्ही रुग्णालयाला अर्ज दिला आहे. ठळक मराठी पाट्या, सोबत रक्ताचा थेंब, हाड, डोळा अशी चित्रे, केसपेपर खिडकीपासून जमिनीवर रंगीत पट्टे, अंधांसाठी ब्रेल आणि चौकशीच्या टेबलावर प्रत्यक्ष बसलेला माणूस. अजून उत्तर नाही. तोवर आमचे दोघे जण सोमवारी खिडकीपाशी उभे राहतात.

तुम्हीही तुमच्या रुग्णालयात जा. एकही पाटी न वाचता केसपेपरपासून रक्त तपासणीपर्यंत पोचून पाहा. जिथे अडाल, तिथला अर्ज त्याच दिवशी लिहा आणि पोच घ्या.

जय भीम!