बिबट्याचे ठिपके आणि आमचे फॉन्ट

मंडळी, आमच्या पिंपळवंडीत रात्री उसाला पाणी द्यायला जायचं तर हातात काठी आणि बॅटरी लागते. कारण अर्थातच बिबट्या! पण आज गोष्ट त्याच्या ठिपक्यांची आहे.

गेल्या महिन्यात मी इंटरनेटवर विसराळूपणाबद्दल बरंच वाचलं. हल्ली चष्मा सापडत नाही, जुन्या विद्यार्थ्यांची नावं ओठांवर येऊन अडतात. घरी कुणाला बोललो नव्हतो. वाचून झाल्यावर हिस्टरी पुसली, कुकीज पुसल्या. फळा स्वच्छ!

चार दिवसांनी नात माझ्याच कॉम्प्युटरवर नारायणगावचे टोमॅटोचे भाव बघत होती. शेजारी जाहिरात झळकली, स्मरणशक्तीच्या गोळ्यांची.

"आबा, हे कुणी शोधलं?"

"आजीने असेल," मी म्हणालो. जन्मभर पोरांना 'खरं बोला' शिकवलेला माणूस मी!

पुसलेलं परत आलं कसं, ते तिनेच समजावलं. "आबा, कुकी म्हणजे पकडलेल्या बिबट्याच्या कातडीखाली बसवलेली चिप. ती काढता येते. पण ठिपक्यांचं काय?" प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात, कॅमेऱ्यातल्या फोटोवरून अभ्यासक त्याला ओळखतात. तसंच ब्राउझरचं. स्क्रीनचा आकार, ब्राउझरची आवृत्ती, घड्याळ, भाषा, फॉन्ट, एखादं चित्र रेखाटण्याची त्या यंत्राची लकब. एकेक गोष्ट हजारोंची सारखी असते, पण सगळ्यांची मोट बांधली की ठसा तयार होतो. घरच्या कनेक्शनचा आयपी पत्ताही ओळख पटवायला मदत करतो.

२०१० साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने सुमारे पावणेपाच लाख ब्राउझर तपासले. त्यातल्या ८३.६ टक्क्यांचा ठसा दुसऱ्या कुणाशीही जुळला नाही.

आपल्यासारख्या मराठी ब्लॉगवाल्यांची तर आणखी गंमत! हौसेने जमवलेले देवनागरी फॉन्ट आणि 'मराठी' ठेवलेली भाषा यांमुळे आपण गर्दीत जास्तच उठून दिसतो. फायरफॉक्स, सफारी यांनी आता फॉन्टची ही चौकशी बरीच आवळली आहे. टॉर ब्राउझर तर सगळ्यांना शाळेच्या गणवेशासारखं एकसारखंच दाखवू पाहतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो खटला लढणारे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी २०१२ साली याचिका करताना ऐंशी ओलांडलेले होते. तेव्हा मला वाटलं होतं, या वयात माणसाला लपवण्यासारखं असतं तरी काय?

आता कळलं. माझ्या विसरण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ते घरच्यांना कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हे मी ठरवणार होतो. ती वेळ जाहिरातीने माझ्या हातून काढून घेतली.

त्या रात्री नातीला खरं सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती जवळ बसून राहिली. सोमवारी तिच्याबरोबर पुण्याला डॉक्टरांकडे जातो आहे. नातेवाईक मंडळी, तुम्हाला हे आज माझ्याकडूनच कळतंय, एवढं समाधान.

असो. चष्मा शोधतो आता.