प्रवेशातलं पद, बैठकीतलं पद

संगीत नाटकाच्या निवडचाचणीत कोणकोणती पदं ऐकायला मिळणार, हे तंबोरा जुळायच्या आतच सांगता येतं. मुलगी असेल तर ‘स्वयंवरा’तलं रुक्मिणीचं यमनमधलं पद, मुलगा असेल तर ‘मानापमाना’तलं आरभीतलं, आणि गळा जरा जास्त फिरत असेल तर ‘कट्यार काळजात घुसली’मधलं एखादं. पदं थोर आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण भूमिका शारदेची असो, रेवतीची असो की ‘देवबाभळी’तल्या आवलीची, पदं तीच. लग्नाला जायचं असो की शेतावर, अंगावर पैठणीच. माझं म्हणणं असं, की चाचणीचं पद निवडताना ‘यात माझा गळा किती दिसेल?’ हा प्रश्न मागे ठेवावा आणि ‘हे पद त्या प्रवेशात काय काम करतं?’ हा आधी विचारावा. आपल्या नाट्यपदाला दोन आयुष्यं आहेत, एक प्रवेशातलं आणि एक बैठकीतलं. चाचणीला येणारा बहुतेक वेळा दुसरं घेऊन येतो आणि समोर बसलेल्यांना पहिलं हवं असतं.

ही दोन आयुष्यं कशी झाली ते पाहायला थोडं मागे जावं लागतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा पद हे संवादाचंच एक रूप होतं. साकी, दिंडी, लावणीच्या आणि कीर्तनाच्या चाली, काही कानडी वळणाच्या. पात्राला जे सांगायचं ते या चालींत सांगून नाटक पुढे सरके. १९११ च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांवरून चाली दिल्या, आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींचा ऐवज रंगभूमीवर ओतला. तिथून पद नाटकाबाहेर एकटं उभं राहू लागलं. मराठी माणसाला रागसंगीताची गोडी लागली ती बरीचशी या पदांमुळे, तेव्हा या बदलाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याचा एक परिणाम असा, की आज जी पदं सर्वांच्या कानात आहेत त्यांतली बहुतेक १९११ नंतरच्या घडणीची आहेत आणि ती कानात आली ती नाटक बघून नव्हे. आधी तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीवरून, मग आकाशवाणीवरून, मग नाट्यसंगीताच्या मैफलींतून. तबकडीवर पदाच्या आधीचं वाक्य नसतं आणि नंतरचंही नसतं. (तिची लांबी मात्र चाचणीला अगदी बरोबर आहे, पण ती कुणी पाळत नाही.)

पदाआधीचं वाक्य कापलं गेलं की काय हरवतं, हे ‘शारदा’ घेतली की लख्ख दिसतं. देवलांचं हे १८९९ चं नाटक जरठ-कुमारी विवाहावर आहे. नायिका अजाण वयाची, बापाने पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला काढलेली. तिच्या तोंडी घोटीव, चौपदरी ताना आल्या की ती एकदम तिशीची आणि पंधरा वर्षं तालीम घेतलेली वाटू लागते, मग स्वर कितीही सच्चा असो. शारदेसाठी येणारीने भीती किंवा गोंधळ असलेलं, मध्यसप्तकात फिरणारं, लहान वाक्यांचं पद निवडावं. ‘एकच प्याला’तली सिंधू दळण दळून संसार रेटणारी, तिला लागतो तो दमसास आणि शब्द न तुटू देणारी लय. ‘संशयकल्लोळ’ची गोष्ट आणखी वेगळी. हे नाटक आधी ‘फाल्गुनराव’ या नावाने गद्यच होतं, पदं नंतर घातली गेली आणि १९१६ मध्ये ते संगीत नाटक म्हणून उभं राहिलं. म्हणजे कथा गाण्यावाचून चालते आणि ती चालते संशयाच्या गतीवर. इथे रेवती किंवा अश्विनशेठ होऊ पाहणाऱ्याने चार मिनिटांचा विस्तार मांडला, तर आवाज आवडेल, पण हा प्रयोगाची गती घालवणार अशी धास्ती बसेल. हलकी चाल, चटपटीत शब्दफेक, मुखडा घेऊन झटकन गद्यावर परतणं: रेवतीसाठी एवढं ऐकलं की पुरतं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप अर्थातच बालगंधर्वांच्या नावाने येतो. त्यांच्या सिंधूने वन्समोअर घेतले, ‘मानापमाना’तल्या भामिनीने घेतले, रुक्मिणीने तर घेतलेच. प्रेक्षक नाटक विसरून गाणं ऐकत, मग चाचणीला आलेल्यालाच संयम का शिकवता? आक्षेप खरा आहे. संगीत नाटकाचा प्रेक्षक गाण्यासाठीच येतो आणि त्याला गाण्याविना परत पाठवणं हा वेडेपणा ठरेल. पण बालगंधर्वांच्या तबकड्या नीट ऐकल्या तर दिसतं ते असं, की हरकत शब्दाच्या आत घडते, शब्द फोडून नव्हे. लय इतकी पक्की, की ती व्यक्ती बोलतेच आहे असं वाटावं. विस्ताराचा हक्क त्यांना या बोलण्याने मिळवून दिला होता. चाचणीला येणारे उचलतात तो विस्तार, आणि बोलणं तबकडीतच राहतं.

दुसरा आक्षेप संगीत दिग्दर्शकांचा, म्हणजे माझ्याच बिरादरीचा. साधं पद गायलं तर तयारी कळणार कशी? माझा अनुभव उलटा सांगतो. वेगाच्या तानेत कच्चा स्वर सहज लपतो. संथ पदातला लांब षड्ज किंवा मुखड्याचा शेवटचा स्वर लपवता येत नाही. ज्याला पल्ला तपासायचा आहे तो सरळ म्हणतो, ‘तारसप्तकात काहीतरी ऐकव.’ त्याच्या मागणीआधीच सगळा ऐवज ओतून टाकला, की दुसऱ्या पदाला काही उरत नाही. ब्रॉडवेच्या चाचण्यांत अनेकदा गाण्याचे सोळा किंवा बत्तीस बारच मागतात. त्यामुळे तिथला उमेदवार नेमकं कुठून सुरू करायचं याचा विचार घरीच करून येतो. आपल्याकडे अशी मर्यादा सहसा घालत नाहीत, म्हणून आलापाने सुरुवात होते आणि शब्द यायच्या आत ऐकणाऱ्याचं अर्धं लक्ष उडालेलं असतं.

‘कट्यार’चं काय? तिथे तर गायकीच हवी. हो, तिथे हवी, आणि ती हवी याचं कारणही नाटकातच आहे. दारव्हेकरांच्या या १९६७ च्या नाटकात गाणं हीच कृती आहे. दोन घराण्यांचं वैर गाण्यातूनच खेळलं जातं, आणि अभिषेकीबुवांनी एकच पद दोन वेगळ्या अंगांनी बांधून ते वैर कानाला ऐकवलं. वसंतराव देशपांड्यांच्या खांसाहेबांची तान ही त्या माणसाची ईर्षा होती. तेव्हा खांसाहेबांसाठी येणाऱ्याने तयारी दाखवलीच पाहिजे, पण त्याच दमात त्यांचे प्रतिस्पर्धी पंडितजी यांचं शांत अंगाचं पद निवडलं तर तयारी दिसूनही माणूस चुकतो. माझा मुद्दा इथे मोडत नाही. उलट इथेच तो सर्वांत कडक लागू होतो.

आता त्याच भूमिकेचं पद घ्यावं की नाही? बरेच जण ‘मुळीच नको’ म्हणतात. भामिनीसाठी भामिनीचंच पद गायलं, की ऐकणाऱ्याच्या कानात आधीच एक गंधर्व बसलेला असतो आणि तुलना टळत नाही, हे खरं. म्हणून जुन्या नाटकांसाठी मी सख्खं नव्हे, चुलत पद सुचवतो. भामिनी ही श्रीमंतीच्या ताठ्याने धैर्यधराला नाकारणारी आणि मग वनमाला बनून त्याच्याजवळ जाणारी. अभिमान आणि लपवालपवी दोन्ही असलेलं दुसऱ्या नाटकातलं पद शोधावं. नव्या नाटकाला हा नियम लावू नये. ‘देवबाभळी’सारख्या नाटकात, जिथे रंगमंचावर दोनच बायका आहेत आणि गाणं अभंग-ओवीच्या अंगाने चालतं, तिथे तुलनेचं ओझं फारसं नाही आणि मूळ चाल पेलते का हेच पाहायचं असतं.

पट्टीचा घोळ मात्र सर्वत्र आहे. सुभद्रा, शकुंतला, रुक्मिणी या भूमिका पुरुषांनी गाजवल्या, भाऊराव कोल्हटकरांपासून बालगंधर्वांपर्यंत. तेव्हा जुन्या तबकड्यांची पट्टी आजच्या मुलीने पकडण्यात काही हशील नाही. शिवाय ध्वनिक्षेपक नसताना उंच पट्टी ही मागच्या रांगेपर्यंत पोचण्याची सोय होती. आज आपल्या बोलण्याच्या आवाजापासून फार दूर नसलेली पट्टी धरावी, म्हणजे गद्यातून पदात शिरताना आवाजाचा सांधा खडखडत नाही. हा सांधा दिसावा म्हणून पदाआधीची दोन-तीन वाक्यं पाठ करून यावी आणि ती बोलून मगच पद उचलावं.

साथीदारांना अनोळखी पद जमणार नाही, ही भीती राहते. चालू तालातलं पद घेतलं, ऑर्गनवाल्याला पट्टी आणि तबलजीला सम कुठे येते ते आधी सांगितलं, की बहुतेक वेळा निभावतं. आणि ज्यांना तेवढंही धाडस नको, त्यांच्यासाठी ‘सौभद्रा’तल्या साक्या आणि दिंड्या आहेत. त्यांना साथ जवळजवळ लागत नाही, मिनिटभरात संपतात, आणि त्यांत मागे लपायला एकही तान नाही. चाचणीला मात्र त्या क्वचितच कुणी निवडतं.