अश्रूंनंतरचं काम

अनाम सरदार यांस,


इटालियन लेखक आलेस्सांद्रो मान्झोनी यांनी तुम्हाला नाव दिलं नाही. त्यांची ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’ ही कादंबरी 1827 मध्ये आली आणि 1840 ते 1842 या काळात तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. तीत तुमच्या हाताखालच्या काही गुंडांनाही नावं आहेत; तुम्ही मात्र ‘अनाम’. तुमचं चित्र त्यांनी फ्रान्चेस्को बेर्नार्दिनो विस्कोंती या खऱ्याखुऱ्या उमरावावरून रेखाटलं, असं ते स्वतःच सांगून गेले. तुमच्याशी मला बोलायचं आहे ते तुमच्या पापांबद्दल कमी आणि ती पापं सोडल्यानंतर तुम्ही काय केलंत याबद्दल जास्त.

काळ 1628 चा. मिलानच्या प्रदेशावर स्पेनचं राज्य होतं. कायदे कडक, पण ते लागू व्हायचे दुबळ्यांनाच. तुमचा किल्ला मिलान आणि बेर्गामोच्या सीमेवर, एका अरुंद खोऱ्याच्या माथ्यावर. हद्दपार झालात तेव्हाही शिकारी कुत्री घेऊन, तुतारी वाजवत मिलानमधून घोड्यावरून गेलात आणि गव्हर्नरच्या पहारेकऱ्यांपाशी त्याच्यासाठी उद्धट निरोप ठेवलात. खून, अपहरण, दुसऱ्यांचे सूड अंगावर घेणं हा तुमचा धंदा होता. डॉन रोद्रिगो या जुलमी उमरावाला लुचिया ही गावातली साधी मुलगी हवी होती. तिचं लग्न रेंझोशी ठरलं होतं आणि जीव मुठीत धरून ती मोन्झाच्या मठात राहिली होती. तिला आणून देण्याचा शब्द तुम्ही त्याला दिलात. मठातल्या जेर्त्रूदे या जोगिणीनं तिला खोटं काम सांगून बाहेर पाठवलं आणि तुमच्या माणसांनी तिला गाडीत कोंबलं.

पहिली उघड चीर दिसली ती तुमच्या मनात नव्हे, निब्बिओच्या. तुमचा हा सर्वांत निर्ढावलेला माणूस परत येऊन सांगू लागला, की त्या मुलीची त्याला दया आली. तुम्ही चमकलात. मग तिला पाहायला गेलात, आणि दयेच्या एका कृत्याबद्दल देव पुष्कळ काही माफ करतो असं तिनं काकुळतीनं सांगितलेलं तुमच्या कानांतून जाईना. त्या रात्री तुम्ही पिस्तूल हातात घेतलंत.

ही रात्र मला महत्त्वाची वाटते, कारण एकट्यानं भोगलेली टोचणी माणसाला कुठे नेते ते इथे दिसतं. साठ वर्षांचा माणूस एकेक कृत्य आठवतो, प्रत्येकाची भीषणता त्याला आता कळते, आणि त्यातून बाहेर पडायचा रस्ता त्याला मरणात दिसतो. तुम्ही मेला असता तर लुचिया तुमच्या टोळीच्या हातात राहिली असती. तुमच्या वेदनेचा तिला काडीचाही उपयोग झाला नसता.

पहाटे घंटा वाजल्या. मिलानचे कार्डिनल फेदेरिगो बोर्रोमेओ जवळच्या गावात आले होते. तुम्ही त्यांच्याकडे गेलात. त्यांनी तुम्हाला मिठी मारली आणि तुम्ही रडलात. वाचक हाच प्रसंग लक्षात ठेवतात. मला त्यानंतरचं लिहायचं आहे. लुचिया किल्ल्यात आहे हे कळताच कार्डिनलांनी जराही वेळ दवडू दिला नाही. डॉन आब्बोंदिओ या घाबरलेल्या पाद्रींना आणि एका भल्या बाईला बरोबर घेऊन तुम्ही परत चढण चढलात, तिची माफी मागितलीत आणि तिला सोडवलंत. त्याच दिवशी टोळी गोळा करून सांगितलंत, की पूर्वीचे सगळे दुष्ट हुकूम रद्द. राहायचं असेल त्यांनी नव्या रीतीनं राहावं, जायचं असेल त्यांनी पगार घेऊन जावं.

आमच्याकडे वाल्या कोळ्याची कथा मुलांना सांगतात. बायकामुलांनी पापात वाटा घ्यायला नकार दिला आणि तो जप करत बसला, इतका की अंगावर वारूळ चढलं. तुम्हाला वारूळ मिळालं नाही. ज्या किल्ल्याच्या नावानं लोक थरथरायचे, त्याच किल्ल्यात तुम्हाला राहायचं होतं, ज्यांचे आप्त तुम्ही मारले त्यांच्यामधून चालायचं होतं, तेही निःशस्त्र. कायद्यानं तुम्हाला हात लावला नाही, हे मला खटकतं. मेलेल्यांच्या घरच्यांना तुम्हाला वाकलेलं पाहण्याचंच समाधान मिळालं. न्याय एवढ्यानं पुरा होत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसावी. तुम्ही पिस्तुलाशी झगडत होता त्याच रात्री लुचियानं भीतीपोटी मरियमेला आजन्म कौमार्याचं व्रत वाहिलं. तुम्ही तिला सोडलंत, शंभर सोन्याचे स्कुदी हुंड्यासाठी पाठवलेत, पण त्या व्रतामुळे ती रेंझोशी लग्न करू शकत नव्हती. तुमचा अपराध तुमच्या पश्चात्तापानंतरही तिच्या आयुष्यात चालूच राहिला. ते ओझं 1630 च्या प्लेगमध्ये, मिलानच्या रुग्णतळावर फ्रा क्रिस्तोफोरोंनी उतरवलं. तेही एकेकाळचे खुनी. तरुणपणी रस्त्यात वाट कोणी द्यायची या भांडणात त्यांनी एका उमरावाला मारलं होतं. साधू होऊन ते मृताच्या भावाकडे गेले, माफी मागितली आणि तिथे मिळालेल्या भाकरीचा एक तुकडा वर्षानुवर्षं जपला. एका गुन्हेगारानं बांधलेली गाठ दुसऱ्या गुन्हेगारानं सोडवली. म्हणून मला वाटतं, प्रायश्चित्त एकट्याच्या मनात पुरं होत नाही. एकाचं अपुरं राहिलेलं काम दुसऱ्याला उचलावं लागतं.

1629 मध्ये जर्मन भाडोत्री सैन्य लोम्बार्दीतून लूट करत निघालं तेव्हा तुम्ही किल्ल्याची दारं उघडलीत. जिथे लोक ओढून आणले जात, तिथे आता लोक जीव वाचवायला आपल्या पायांनी चढून आले. लुचियाची आई आन्येझेही आली. तुमच्यावर माझा विश्वास बसला तो इथे. कार्डिनलांच्या मिठीत नव्हे.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही माझं सांगणं आहे. एखादा अपराधी बदलल्याचं सांगत पुढे आला, तर त्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून निर्णय करू नका आणि ते पाणी खोटं ठरवण्याचीही घाई करू नका. त्यानं धरून ठेवलेलं माणूस सोडलं का, टोळी मोडली का, आणि ज्या ताकदीनं त्यानं लोकांना भ्यायला लावलं ती ताकद आता कोणाच्या रक्षणाला उभी आहे, एवढंच विचारा. अनाम सरदार, या तीनही प्रश्नांना तुमच्याकडे उत्तर आहे. मेलेल्यांचं ऋण मात्र तुमच्या नावे तसंच राहील.

आपली,
एक वाचक