शंभर टक्क्यांनंतर

लग्नसराई आटोपली की आमचं खरं काम सुरू होतं. शूटिंग झालेलं असतं, अल्बम छापायला गेलेला असतो, आणि घरचं कोणीतरी मानोऱ्यात कामाला आलं की खिशातून पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवतं. "टाकून द्या भाऊ, गाडी हाय." गाडी म्हणजे दिग्रसची. पेनड्राइव्हला गाडीची वेळ ठाऊक नसते.

•

आजचा हिशेब. १८०० फोटो आणि तीन तासांचा व्हिडिओ मिळून २१ जीबी. पेनड्राइव्ह लिहितो सेकंदाला ६ एमबी. म्हणजे ५८ मिनिटं. खोक्यावर १०० एमबी छापलंय, पण तो वाचण्याचा वेग. लिहिण्याचा वेग खोक्यावर बहुधा नसतो.

•

नवरीचा भाऊ स्टुलावर बसलेला. कॉपीची पट्टी शंभरावर जाऊन थांबली.

"शंभर टक्के तं दाखवून राह्यलं. काढू काय?"

"थांब बापा."

"मंग काहून अटकलं?"

अटकलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपातला लिनक्स आलेला डेटा आधी मेमरीत घेतो, कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला 'झालं' म्हणतो, आणि मागून सवडीने पेनड्राइव्हवर उतरवत राहतो. बाजार समितीत सोयाबीनची ट्रॉली ओट्यावर पाच मिनिटांत पालथी होते. काट्यावर माप होऊन पोती शिवेपर्यंत दुपार कलते. ट्रॉली रिकामी झाली म्हणून माप झालं असं कोणताच शेतकरी म्हणत नाही. आमची पट्टी मात्र ट्रॉलीच मोजते.

•

हे डोळ्यांनी पाहता येतं. प्रॉक फोल्डरातल्या मेमइन्फो फाइलमध्ये 'डर्टी' आणि 'राइटबॅक' अशा दोन ओळी असतात. उतरवायचा राहिलेला माल पहिल्या ओळीत, उतरत असलेला दुसरीत. दर सेकंदाला तो आकडा दाखवत ठेवला आणि भावालाही दाखवला. बाराशे एमबी, अकराशे नव्वद, अकराशे चौऱ्याऐंशी... तो क्रिकेटच्या धावा पाहाव्यात तसा पाहत बसला. सव्वातीन मिनिटांनी आकडा शून्याजवळ आला. दिवा लुकलुकायचा थांबला. मग 'इजेक्ट'.

काढताना पेनड्राइव्हचं लोखंडी टोक चांगलंच गरम होतं.

•

एवढा माल का साचतो? लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, ठरलेला नियम आहे: मोकळ्या मेमरीच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत न उतरवलेला डेटा चालतो, त्यानंतर लिहिणाऱ्याला रोखायचं. २०१३ च्या नोव्हेंबरात जोनाथन कॉर्बेट यांनी लिनक्सच्या बातम्या देणाऱ्या एलडब्ल्यूएन या संकेतस्थळावर याच दुखण्यावर लिहिलं होतं. त्या चर्चेत खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचं म्हणणं होतं की ही टक्केवारी ८ ते ६४ एमबी मेमरीच्या जमान्यातली आहे. ६४ एमबीचे २० टक्के म्हणजे जेमतेम १३ एमबी. तेवढं कोणत्याही पेनड्राइव्हला दोन सेकंदांचं काम. माझ्या लॅपटॉपात ८ जीबी आहे.

मी टक्केवारी काढून टाकली. 'डर्टी बाइट्स' ४८ एमबी आणि 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' १६ एमबी असे सरळ आकडे दिले. पेनड्राइव्ह काही पळायला लागला नाही. पट्टी सुरुवातीपासून हळू चालते, एवढंच. आता गिऱ्हाईक पहिल्याच मिनिटाला म्हणतं, "तुमचा लॅपटॉप लयच स्लो हाय भाऊ." आधी शेवटी म्हणायचं.

•

एक शहाणपणा केला होता, तोही लिहून ठेवतो. पट्टी खोटं बोलू नये म्हणून 'सिंक' हा पर्याय लावून पेनड्राइव्ह माउंट केला. म्हणजे साठवणूक नाही, आलं की लगेच लिही. दीड तासात फोटोंचा निम्मा फोल्डरही झाला नाही. पेनड्राइव्हच्या चिपची गंमत अशी की तिच्यावर लिहिलेलं तेवढंच पुसून पुन्हा लिहिता येत नाही, आख्खा ठोकळा पुसावा लागतो. तुकड्या-तुकड्याने लिहिलं आणि दर तुकड्याला पेनड्राइव्हवरच्या फॅट या फाइल सिस्टिमच्या तक्त्यात नोंद केली की चिप पुसण्यातच दमते. वर आयुष्यही घटतं. तो पर्याय काढला.

•

व्हिडिओ भराभर जातो, हळदीचे फोटो जात नाहीत. मोठी एक फाइल सलग लिहिली जाते. फोटोंना प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाची नोंद. पण फोटो झिप करून देऊ नयेत. घरच्या टीव्हीला झिप उघडता येत नाही आणि मग फोन येतो.

टीव्हीचीच दुसरी तऱ्हा. जुना टीव्ही फॅट३२ शिवाय काही ओळखत नाही, आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीची एक फाइल बसत नाही. नव्याला एक्सफॅट चालतं. ते लिनक्समध्ये नीट आलं २०२० साली, कर्नल ५.७ मध्ये, सॅमसंगने दिलेल्या ड्रायव्हरमुळे. म्हणून आता आधी विचारतो: टीव्ही केव्हाचा? जुना असेल तर लग्नाचे तुकडे पाडावे लागतात. बहुतेक वेळा तुकडा नेमका मंगलाष्टकात पडतो.

•

जत्रेतल्या स्टॉलवरून घेतलेला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह एकाने आणला. कॉपी झाली, नावं दिसली, फोटो उघडेनात. 'एफ३' नावाचं साधन आहे. ते पूर्ण पेनड्राइव्ह भरतं आणि मग परत वाचून पडताळतं. ७ जीबीच्या वर सगळा कचरा. चिप ८ चीच, तिला ६४ सांगायला शिकवलेलं. त्याला सांगितलं तेव्हा तो स्टॉलवाल्यावर नाही, माझ्यावर चिडला.

•

गेल्या आठवड्यात मात्र हद्द झाली. नवा, चांगला पेनड्राइव्ह, आणि वेग सेकंदाला १ एमबी. २१ जीबीला जवळपास सहा तास. मेमरीचे आकडे तपासले, फाइल सिस्टिम तपासली, पेनड्राइव्ह बदलला. तेच. शेवटी 'एलएसयूएसबी' या आज्ञेला 'टी' जोडून यूएसबी जोडण्यांचं झाड काढलं, तर ५००० एम किंवा निदान ४८० एम दिसायच्या जागी १२ एम! कर्नलच्या नोंदी दाखवणारं डीमेसेज म्हणतं 'फुल-स्पीड'. नाव ऐकून माणूस खूश होतो, पण यूएसबीच्या भाषेत फुल म्हणजे १२ मेगाबिट आणि हाय म्हणजे ४८०. ज्या १.१ मानकात फुलच्या वर काही नव्हतं, ते १९९८ चं. आपला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला तोही त्याच वर्षी.

दोष निघाला काउंटरवरच्या चार तोंडांच्या हबचा. त्याची वायर ड्रॉवरमध्ये रोज चेपत होती. पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या निळ्या पोर्टात लावला, ५००० एम दिसलं, आणि सहा तासांचं काम पंधरा मिनिटांत झालं. हे पहिल्या मिनिटाला बघायला हवं होतं.

हब टाकला नाही. त्यावर टेबलावरचा छोटा पंखा चालतो.