सालामांकांतील तीन महिने

आमच्या धाकट्या कन्येनें स्पेनमधील एका गृहस्थाशीं विवाह केला, त्या लग्नास आम्ही गेलों नाहीं. पुढें राग निवळला, आणि दोन वर्षांपूर्वीं माद्रिदला जाऊन नातवाला पाहून आलों. चार वर्षांचें तें पोर आमच्या मांडीवर बसून अर्धा तास कांहीं सांगत होतें. आणि ३५ वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेले आम्ही नंदीबैलासारखी मान डोलवीत होतों. मुलीनें त्याला मराठी शिकविली आहे. पण रुसण्याची आणि लाडाची त्याची भाषा एकच, ती स्पॅनिश. पुण्यास परत येतांच आम्ही ठरविलें कीं, ही भाषा शिकावयाची. माद्रिदला राहून शिकलों असतों तर मुलगी दुभाष्याचें काम करती. म्हणून तेथून सुमारें २०० किलोमीटर पश्चिमेस असलेलें सालामांका शहर निवडलें, आणि ९० दिवसांचा व्हिसा घेऊन गेल्या जानेवारींत तेथें जाऊन पोहोंचलों.

सालामांका हें विद्येचें क्षेत्र. येथील विद्यापीठ १२१८ सालीं स्थापन झालें. आंतोनियो दे नेब्रिहा यांचें कास्तिलियन भाषेचें व्याकरण १४९२ सालीं येथेंच छापून निघालें. जुन्या इमारती जवळच्या बियामायोर गांवच्या वालुकाश्माच्या आहेत. ऊन उतरूं लागलें म्हणजे तो दगड हळदीच्या रंगाचा दिसतो. पण पहिल्या संध्याकाळीं हें कांहींच डोळ्यांत भरलें नाहीं. हाडांत शिरणारा वारा, हातांत सामानाची पेटी, आणि पत्ता विचारावा तर उत्तर कळत नाहीं, अशी आमची स्थिति होती.

एका सत्तरी उलटलेल्या बाईंच्या घरीं खोली ठरली होती. ‘आम्ही मांस खात नाहीं’ हें वाक्य आम्ही घोकून गेलों होतों. बाईंनीं तें नीट ऐकून घेतलें आणि मसुरीची वाफाळलेली आमटी पुढें ठेविली. तींत तांबड्या चकत्या तरंगत होत्या. आम्ही बोट दाखविलें, तेव्हां त्या म्हणाल्या कीं, हें मांस नव्हे, हा चोरीथो आहे! डुकराच्या मांसाचा तो मसालेदार प्रकार त्यांच्या हिशेबीं फोडणींत जमा होता. त्या रात्रीं आम्ही पाव खाऊन निजलों. चौथ्या दिवशीं मात्र बाईंनीं आमच्याकरितां निराळें पातेलें काढलें, आणि त्याला दुसऱ्या कोणाचा डाव लागूं दिला नाहीं. दुपारीं दोनपासून पांचपर्यंत दुकानें बंद असतात, ह्याचें पुण्याच्या माणसास नवल तें काय! रात्रीचें जेवण नऊनंतर, ह्याची संवय होण्यास मात्र महिना लागला.

वर्गांत सगळीं विशीतलीं मुलें आणि शिक्षिका तिशीच्या आंतली. ती आम्हांस ‘तू’ म्हणे. पहिल्या दिवशीं तें कांट्यासारखें बोचलें. मग मनांत आलें कीं, आपणही आईला आणि देवाला ‘तू’च म्हणतों, आणि नातूही आम्हांस असेंच हाक मारणार.

एका सोमवारीं तिनें विचारलें, ‘रविवार कसा गेला?’ एकटेपणानें कंटाळलों होतों, म्हणून आम्ही म्हणालों, ‘सोय् आबुरीदो.’ वर्ग हंसला. ह्या भाषेंत ‘असणें’ ह्या अर्थाचीं दोन क्रियापदें आहेत. मूळ स्वभाव सांगावयाचा तर ‘सेर’. तात्पुरती अवस्था किंवा ठिकाण सांगावयाचें तर ‘एस्तार’. ‘एस्तोय् आबुरीदो’ म्हणजे मी कंटाळलों आहें; आम्ही बोललों त्याचा अर्थ, मी कंटाळवाणा मनुष्य आहें. एका विभक्तीच्या चुकीपायीं किती मुलांना आम्ही बाकावर उभें केलें होतें, तें त्या हंसण्यांत आठवलें.

घरीं येऊन धातु शोधले. ‘एस्तार’चें मूळ लॅटिनांतून थेट आपल्या ‘स्था’ धातूच्या कुळांत पोहोंचतें. ‘सेर’मध्यें ‘अस्’च्या आणि ‘सद्’च्या, म्हणजे बसण्याच्या, कुळांतले दोन धातु एकत्र मिसळले आहेत. नवख्या शहरांत मनुष्य आधीं उभाच असतो. बसावयास सांगणारें कोणी भेटावें लागतें.

हळूहळू तें भेटलें. १७५५ सालीं पुरी झालेल्या प्लासा मायोर चौकांतील बाकावर रोज सायंकाळीं बसणारे म्हातारे सरकून जागा देऊं लागले. बटाटे देतां देतां वाणी आमचीं क्रियापदें सुधारूं लागला. मार्चांत एके रात्रीं नातवानें फोनवर विचारलें, ‘आजोबा, तू कोठें आहेस?’ आम्ही म्हणालों, ‘एस्तोय् एन् कासा’, घरीं आहें. मागून मुलगी हंसली, ‘बाबा, कोणत्या घरीं?’

मुदत संपतां संपतां माद्रिदला गेलों. नातू पुन्हां गोष्ट सांगूं लागला. ह्या वेळीं मान डोलविली नाहीं. जेथें कळलें नाहीं तेथें थांबवून विचारलें, आणि त्यानें गुरुजीच्या थाटांत समजावून दिलें. मग व्याह्यांसमोर, लग्नास आलों नाहीं त्याबद्दल, आम्ही उभ्यानेंच एक वाक्य बोललों. त्यांत दोन चुका होत्या, हें मागाहून लक्षांत आलें. व्याह्यांनीं त्या काढल्या नाहींत. त्यांनीं खुर्ची पुढें ओढली आणि आम्हांस बसावयास सांगितलें.